मनी बरी आहे

"मनी बरी आहे एवढंच सांगायचं. दाखवायला आणायची नाही."

हे मी विहिरीच्या कठड्याआड उभी राहून ऐकलं. बोलत होत्या भानूकाकू, आमच्या घरमालकीण. समोर त्यांची सून, सुलभावहिनी. दोघी मागच्या पडवीत बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या. मी डाव्या हातात रिकामी बादली धरून होते, कारण उजव्या मनगटाला पट्टी होती.

"पण त्या रोज विचारतात हो," वहिनी म्हणाल्या. "रोज रोज काय सांगू?"

"सांगायचं, आत्ताच दूध पिऊन गेली. त्यात काय एवढं?"

मग आतून काकांनी काहीतरी विचारलं आणि काकू त्यांच्या घरच्या बोलीवर गेल्या. सुलभावहिनी मुंबईच्या, म्हणून त्यांच्याशी काकू आमच्यासारखं बोलत. काकांशी मात्र वाडीतल्या बोलीत. ती मला अर्धी कळायची, आणि जो अर्धा भाग महत्त्वाचा असेल तो कधीच कळायचा नाही. मी बादली न भरताच परत आले.

मनी म्हणजे मांजर. चार दिवसांपूर्वी ती मला चावली होती. दहा दिवस मांजरावर लक्ष ठेवा, ते ठणठणीत राहिलं तर मुलीला काही धोका नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे माझं पुढे काय होणार हे मनीच्या तब्येतीवर अवलंबून होतं, आणि मनीच्या तब्येतीची बातमी फक्त काकूंकडून येत होती.

हे कुणासाठी

नव्वदच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट आहे. ज्यांना कुत्रं, मांजर, मुंगूस, कोल्हा असं काही चावलंय आणि जे घरात बसून 'काही होणार नाही' असं इतरांच्या तोंडून ऐकतायत, त्यांच्यासाठी मी ती लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं मला तेव्हाही नीट कळली नाहीत.

आधीच सांगून टाकते की मला रेबीज झाला नाही. मग आजारपण कसलं, असं कुणी विचारेल. माझ्या मावशीने विचारलंच होतं. पण तो आजार ज्याला होतो तो नंतर लिहायला उरत नाही. मी लिहिते आहे ते त्या दिवसांबद्दल, जेव्हा आपल्याला तो झालाय की नाही हे आपल्यालाही माहीत नसतं आणि शेजारच्यांनाही नसतं, पण शेजारच्यांना खात्री असते.

कपड्यांचा दगड

विरारच्या फ्लॅटचा ताबा लांबत चालला होता, म्हणून बाबांनी वसईजवळच्या निर्मळला काकूंच्या वाडीतलं दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं होतं. मागे केळी, पुढे मोगरा, मध्ये पाण्याचे पाट. बाबा मुंबईला बँकेत. आई घरी. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, पुढे शिक्षिका व्हायचं ठरवलेली.

माझं बोलणं मुळातच कमी. त्यात शाळा इंग्रजी. घरी मराठी बोलायचो, पण घराबाहेर बोलायची वेळ आली की वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत तयार व्हायचं, मग ते मी मराठीत आणायची, आणि आणेपर्यंत समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. एकदा मी काकूंना "तो मांजर भिंतीवर बसला आहे" असं म्हणाले होते. त्यावर काकू इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावला. "अगं, तो मांजर नव्हे! बोका म्हण, नाहीतर मांजर बसलंय म्हण. मॅडम झालीस की कशी शिकवशील पोरांना?" त्यात वाईट काही नव्हतं. पण नंतर मी वाडीत तोंड उघडायचं आणखी कमी केलं.

तोंड बंद असलं की डोळे जास्त चालतात. आमच्या मोरीच्या दाराशी रोज सकाळी एक तांबूस-पांढरी मांजर यायची. आई मासे साफ करायची आणि मुंडकी तिला टाकायची. डावा कान टोकाला फाटलेला, दोन पाकळ्या झाल्यासारखा. शेपूट बारीक. आई तिला मनी म्हणायची. आईच्या माहेरी म्हणे सगळ्या मांजरी मनीच असायच्या. संध्याकाळी काकूंच्या पडवीतूनही "मनी, मनी" अशी हाक ऐकू यायची. आई म्हणायची, "दोन दोन घरचं खाते, तरी मेलीच्या अंगाला लागत नाही."

मी तिला कधी हात लावला नाही. नावही घेतलं नाही. आम्ही एकमेकींना नुसत्या बघायचो.

मांजर चावायच्या आधीच्या महिन्यात वाडीत कोल्हा शिरला होता. खाडीकडच्या खाजणात, तिवरांमध्ये कोल्हे असायचेच. त्यांची कोल्हेकुई आम्ही ऐकलेली होती. पण हा भरदुपारी आला. माणसं बघून पळायच्या ऐवजी सरळ माणसांवर चालून गेला, केळीच्या बुंध्यांना चावत सुटला. गड्यांनी काठ्यांनी मारून त्याला पुरला. पंपाच्या खोलीमागून तो आला होता, आणि वाडीतली मोकाट मांजरं तिथेच झोपायची. गावातल्या तरुण पोरांनी लगेच ठरवून टाकलं की आता मांजरंही संपवायची. माशांच्या मुंडक्यांत विष घालून ठेवायचं. बायकांनी आरडाओरडा केला, तेव्हा ते काही दिवस टळलं.

चावली त्या दिवशी मी कपड्यांच्या दगडापाशी साबण लावत होते. मांजर दगडाखाली बसली होती, पण नेहमीसारखी नाही. मान वाकडी, तोंड अर्धं उघडं, हनुवटी ओली. मी बादली सरकवली. ती आवाज न करता आली आणि माझ्या मनगटाला चावली. नुसती चावली नाही, धरून राहिली. मी हात झटकला तेव्हा पडली, उठली, आणि एका बाजूला कलत कलत केळीत गेली.

हातात कपड्यांचा साबण होताच. मी तोच जखमेवर चोळत, नळाखाली हात धरून बराच वेळ उभी राहिले. अक्कल म्हणून नव्हे. आईला हाक मारायला आवाज फुटत नव्हता, म्हणून.

"कुणाचं मांजर?"

आईने हळद दाबली आणि आम्ही वसईला एका डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना भरलेला होता. डॉक्टरांनी हळद पुसून काढली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "मांजर कुणाचं?"

"आपलीच मनी हो," आई म्हणाली. "घरचीच आहे."

मी आईकडे बघितलं. ती खोटं बोलत नव्हती. आईच्या तोंडी आपली भाजीवाली असते, आपला पोस्टमन असतो. जो रोज दाराशी येतो तो आपला. पण डॉक्टरांनी त्या शब्दाचा अर्थ त्यांच्या पद्धतीने घेतला, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. चेहरा सैल झाला.

"पाळलेलं आहे ना? मग घाबरू नका. दहा दिवस लक्ष ठेवा. मेलं, नाहीसं झालं, काही वेगळं वागायला लागलं, तर लगेच या. नाहीतर कशाला उगाच पोरीच्या पोटात चौदा इंजेक्शनं?"

त्या चौदा इंजेक्शनांची धास्ती तेव्हा रोगाएवढीच होती. आईने डॉक्टरांना हात जोडले.

मला म्हणायचं होतं, तिची हनुवटी ओली होती. मला म्हणायचं होतं, ती वेगळं वागायला लागलीच आहे. वाक्य तयार होत होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर आल्यावर मी आईला म्हणाले, "तिचं तोंड ओलं होतं."

"दूध पिऊन आली असेल," आई म्हणाली आणि रिक्षाला हात केला.

इथे थांबून एक सांगते. आता डॉक्टर असं वाट बघत बसत नाहीत. इंजेक्शनं आधी सुरू करतात आणि प्राण्यावर लक्ष नंतर ठेवतात. तुमचे डॉक्टर वाट बघा म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. आणि मांजर कुणाचं असं विचारलं तर नाव सांगू नका. ते कुठे झोपतं, कुणाच्या दारात जातं, तुम्ही त्याला शेवटचं कधी पाहिलं, ते सांगा.

लक्ष

लक्ष ठेवायचं म्हणजे काय, हे कुणीच ठरवलं नव्हतं. आई रोज सकाळी कुंपणाशी जाऊन विचारायची, "मनी दिसली का हो?" पलीकडून उत्तर यायचं, "आत्ताच दूध पिऊन गेली." आई आत येऊन मला सांगायची, "बघ, दूध प्यायली." लक्ष ठेवून झालं.

आमच्या दाराशी मात्र ती आली नाही. एकदाही नाही. आई मुंडकी टाकायची आणि कावळे न्यायचे.

"लाजली असेल," आई म्हणाली. "तुला चावली ना."

"मांजरं लाजतात?"

"तुला काय माहीत? तुझ्या पुस्तकात नसेल लिहिलेलं."

चावल्याच्या दुसऱ्याच दिवशी काकूंनी सुकेळीचं, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचं, पुडकं पाठवलं होतं. आम्ही वाडीत राहायला आल्यापासून त्यांनी केळी दिली होती, केळफूल दिलं होतं, पण सुकेळी कधी दिली नव्हती. ती दिवाळीला, पाहुण्यांना, कुणाला मुद्दाम द्यायची गोष्ट. बाबांनी एक खाल्लं आणि म्हणाले, "माणसं चांगली आहेत." मी पुडकं वळचणीला ठेवून दिलं. मला ती लाच वाटली.

विहिरीवरचं ते बोलणं ऐकल्यावर तर शंका उरलीच नाही. मी रात्रंदिवस कारणं शोधत राहिले. वाडीतली मांजर पिसाळली असं झालं तर त्यांचा मोगरा कोण घेणार? देवळात कोण वाहणार? आम्हाला घर सोडून जावं लागेल, ते दुसरं कोण घेणार? मग मला आईचाही संशय येऊ लागला. इंजेक्शनं टळावीत म्हणून तर ती 'घरचीच' म्हणाली नसेल? बाबांचाही. मी त्यांना म्हटलं, "बाबा, आपण कुणीच ते मांजर पाहिलेलं नाही."

"भानूकाकू कशाला खोटं बोलतील?" ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "त्यांना काय मिळणार?"

तेच तर मला माहीत नव्हतं. विहिरीवर ऐकलेलं मी सांगितलं नाही. चोरून ऐकलं असं सांगायची लाज वाटली, आणि सांगितलं असतं तर बाबा लगेच उठून काकूंना विचारायला गेले असते, सगळ्यांदेखत, मोठ्याने. मला ते मरणाहून वाईट वाटायचं. हे मी शब्दशः लिहिते आहे. त्या वयात तसं खरंच वाटतं.

शेवटी मला स्वतःचाच संशय येऊ लागला. त्या रोगात पाण्याची भीती वाटते, घसा आवळतो, एवढं मला कुठूनतरी माहीत होतं. सकाळी उठल्यावर मी मोरीत जाऊन, दार लावून, पेला हातात धरायची आणि पाण्याकडे बघायची. भीती वाटते का? वाटत होती. पण ती पाण्याची की पाण्याची भीती वाटेल याची? मग एक घोट घ्यायची आणि तो घशातून खाली जाताना लक्ष देऊन ऐकायची. तुम्ही कधी स्वतःच्या घोटावर लक्ष ठेवलंय? लक्ष ठेवलं की कुठलाच घोट नीट उतरत नाही.

पुढचं आधी

आता मी क्रम मोडते, आणि हॉस्पिटलचं इथेच सांगून टाकते. ज्यांना चावलंय त्यांना आधी ते हवं असतं. हॉस्पिटलपर्यंत मी पोचले कशी ते शेवटी सांगेन.

मुंबईच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात चावलेल्यांची वेगळी रांग असते. मला वाटलं होतं तिथे भीषण काही दिसेल. दिसली ती माणसं, पायाला, पोटरीला, बोटाला फडकं बांधलेली, एकमेकांना आपापली गोष्ट सांगणारी. एका आजोबांना माकड चावलं होतं. ते शिव्या देत होते, पण माकडाला नाही. ज्याने माकडाला चणे घातले त्या शेजाऱ्याला. टेबलावरची डॉक्टरीण प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायची, "पाळलेलं की भटकं?" आणि जवळजवळ प्रत्येक जण तेच सांगायचा: "आमच्या गल्लीतलंच आहे, मॅडम." ती पेन खाली ठेवायची, वर बघायची आणि म्हणायची, "गल्लीने पाळलंय का?"

आमची पाळी आली. "मांजर कुठाय?"

"मेलं," बाबा म्हणाले. "आजच सापडलं. वाडीत, केळीच्या बुंध्याशी. मरून दोन-तीन दिवस झाले असावेत."

तिने माझा हात उलटा करून बघितला. "चावलं तेव्हा काय केलंस?"

"साबणाने धुतलं," मी म्हणाले. "कपड्यांच्या."

"किती वेळ?"

"खूप वेळ."

"शाबास," ती म्हणाली. एवढंच. पण त्या सगळ्या दिवसांत मला कुणी म्हटलेला तो पहिला चांगला शब्द होता, आणि मी रडायला लागले. आई घाबरली, तिला वाटलं काहीतरी वाईट सांगितलं.

पोटात चौदा इंजेक्शनं नव्हतीच. दंडात, थोडी, काही दिवसांच्या अंतराने. पण पहिल्या दिवशी जखमेच्या भोवती, मनगटात, एक औषध टोचतात ते दुखतं. खोटं कशाला सांगू, खूप दुखतं. सुई हाडाशी जाते असं वाटतं. तिथल्या मावशींनी माझा दुसरा हात धरला होता आणि त्या माझ्याशी काहीही बोलत होत्या: तुझं गाव कुठलं, वसईची का, मग आम्हाला केळी आणायची सोडून हात घेऊन काय आलीस. पुढच्या वेळी मी खरंच केळी नेली. त्यांनी साल काढून तिथेच खाल्ली आणि म्हणाल्या, "आता रोज कुणीतरी चावा हिला."

घरी मात्र काही दिवस कुणी हसलं नाही. बाबा आईला म्हणाले, "घरचीच म्हणालीस!" आई म्हणाली, "तुम्ही तर पेपरातून वर बघितलं नाहीत!" मग दोघं बोलेनासे झाले आणि माझ्यामार्फत बोलू लागले, म्हणजे ज्या घरात मी सगळ्यात कमी बोलायची तिथे सगळं बोलणं माझ्यातून जाऊ लागलं. आईने मोरीच्या दाराशी काही टाकणं बंद केलं. 'आपलं' हा शब्द तिच्या तोंडून जवळजवळ गेलाच. भाजीवालीला ती भाजीवाली म्हणू लागली.

सगळी इंजेक्शनं झाली तरी मोरीतला तो पेला सुटला नाही. उशीर झाला होता, आणि उशीर किती चालतो हे कुणी ठामपणे सांगत नव्हतं. पुढचा पावसाळा गेला, गणपती गेले, आणि एके दिवशी मी उन्हातून येऊन माठातलं पाणी घटाघटा प्यायले आणि दुसरा पेला भरताना माझ्या लक्षात आलं की पहिल्याकडे मी बघितलंच नव्हतं. बरं होणं माझ्यासाठी ते होतं.

मांजरांचं काय झालं तेही सांगते. पोरांनी शेवटी विष घातलंच. त्यात कावळे मेले आणि एका घरचा राखणीचा कुत्रा गेला. मांजरं पूर्वी होती तेवढीच राहिली, कारण मासे साफ करणारी घरं तेवढीच होती. मग काकूंनीच तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर बोलावले. ते देवळासमोर बसले. ज्याने त्याने आपलं मांजर धरून आणायचं, त्याला लस टोचून न्यायची. जे कुणी धरून आणणार नाही ते कुणाचंच नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना दिसलं. अशी बरीच होती. त्यांना पकडायला मग जाळं आणलं. ते काम अजूनही अर्धवटच आहे. कोल्हेही आहेत, आणि असावेतच. पण भरदुपारी, न घाबरता समोर येणाऱ्या कोल्ह्याजवळ जाऊ नका, आणि काठी घेऊन तर नाहीच.

टोपली

आता ती सकाळ.

मी मोरीत पेला धरून उभी होते. दाराची कडी नीट लागली नव्हती. आईने दार ढकललं आणि मला तसं बघितलं, पाण्याकडे टक लावून, ओठ पेल्याला न लावता.

"पाणी का पीत नाहीयेस?"

मी पेला ओठांशी नेला.

"अनू, पी. माझ्यासमोर पी!"

मी घाईने घोट घेतला, तो अडकला, ठसका लागला, पाणी नाकातून आलं. आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. ती तशीच अनवाणी कुंपणाकडे धावली. "भानूकाकू! मला मनी दाखवा. आत्ताच्या आत्ता दाखवा, मी पाया पडते तुमच्या!"

बाबा दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर आले. पलीकडे काकू आणि काका बोलीत काहीतरी भराभर बोलले. मी मोरीच्या दारात उभी होते. आता त्या म्हणणार, आत्ताच दूध पिऊन गेली. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

काकू आल्या त्या टोपली घेऊन. फुलांची मोठी टोपली, वर जुनं लुगडं झाकलेलं. त्यांनी आधी रस्त्याकडे बघितलं, मग टोपली आमच्या ओट्यावर ठेवली.

"गावातल्या पोरांना सांगू नका," त्या हळूच म्हणाल्या. "विष घालतील. व्यालीय ती. भाताच्या कणगीमागे तीन पिल्लं घेऊन बसलीय, म्हणून कुणाला दाखवत नव्हते. व्यायच्या वेळी चिडतात ना, म्हणून चावली असेल पोरीला. पण बघा, आहे का काही? चांगली चाटून-पुसून खाते."

त्यांनी लुगडं काढलं. तांबूस-पांढरी मांजर आमच्याकडे बघून डोळे मिटून बसली. गुबगुबीत. पोटाशी पिल्लं लुचत होती.

आई मटकन ओट्यावर बसली आणि तिने टोपलीलाच नमस्कार केला. बाबा तोंडावरच्या साबणासकट हसायला लागले. "अहो, हे आधी सांगायचं नाही का! आम्ही काय विष घालणार होतो?" काकूही हसल्या. "तुमची पोर बोलत नाही हो काही. नुसती बघत असते. मला वाटलं कॉलेजातल्या पोरांना जाऊन सांगेल." मग त्या माझ्याकडे वळल्या. "ये गं. घाबरू नको. राग सोड तिच्यावरचा."

त्यांनी माझा पट्टीचा हात धरला आणि मांजरीच्या डोक्यावर ठेवला.

डोकं ऊबदार होतं. मी डावा कान दोन बोटांत धरला. मऊ होता. टोकापर्यंत अख्खा. मग उजवा. तोही अख्खा.

काकू खोटं बोलत नव्हत्या. इतके दिवस, रोज सकाळी, कुंपणापलीकडून त्या खरं तेच सांगत होत्या. मनी बरी होती.

"बघ," आई डोळे पुसत म्हणाली, "किती जीव घेतलास आमचा." बाबा म्हणाले, "चला, सुटलो. चहा टाक." काकू पिल्लांवर लुगडं ओढायला लागल्या. सगळे इतके खूश होते की ते मोडायला कुणालाही जड गेलं असतं. माझ्या डोक्यात वाक्य इंग्रजीत सुरू झालं. ते मी तिथेच सोडून दिलं. घसा कोरडा होता, आणि तो कशाने कोरडा आहे याचा विचार करायला वेळ नव्हता.

"आई," मी म्हणाले. आवाज मोठा आला. काकांनीही कुंपणापलीकडून मान वर केली. "ही काकूंची मनी. आपली कुठाय?"